तीस तासांचं बिल आणि उसाचं बिल

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ ढकलला. इंग्लंडात नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला ३० तास सांभाळ फुकट, आणि आपल्याकडे प्लेग्रुपची फी भरता भरता बाप म्हातारा होतो, असा त्याचा सूर. खाली काकांपासून भाच्यांपर्यंत सगळ्यांनी हात धुऊन घेतले. माझी धाकटी भावजय त्या गर्दीत काही बोलली नाही. रात्री तिचा वेगळा मेसेज आला. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ती बालवाडी चालवते, २४ मुलं आहेत. "ताई, उद्या आपल्या सरकारनं पण असं काही काढलं तर मी घेऊ का? तुम्ही तिथं घेता ना?"

घेते. मी लंडनच्या पश्चिमेला एका लहान शहरात चाइल्डमाइंडर आहे, म्हणजे स्वतःच्या घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळते. ऐकायला साधं वाटतं, पण त्यासाठी ऑफस्टेडकडे, म्हणजे इथल्या सरकारी तपासणी खात्याकडे, नोंदणी लागते, दर तीन वर्षांनी लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं १२ तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि तपासनीस आला की आपलं स्वयंपाकघर आपलं राहत नाही. भावजयीला मी लगेच "हो, घे" म्हणू शकले असते. पण पहिल्या वर्षी मी जे हात पोळून घेतले, ते आठवून थांबले.

आधी योजना काय आहे ते सांगते, कारण व्हिडिओत अर्धंच होतं. तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना आठवड्याला १५ तास इथं बऱ्याच वर्षांपासून मिळतात. २०१७ पासून नोकरी करणाऱ्या आईबापांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना ३० तास झाले. मग मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात जेरेमी हंट यांनी मोठी घोषणा केली आणि ती टप्प्याटप्प्यानं आली. एप्रिल २०२४ मध्ये नोकरी करणाऱ्यांच्याच दोन वर्षांच्या मुलांना १५ तास, त्याच सप्टेंबरात नऊ महिन्यांपासूनच्या बाळांना १५, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्या सगळ्यांना ३०. हे फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचं गणित वेगळं.

आता यातली पहिली मेख. ३० तास हे वर्षाच्या ५२ आठवड्यांचे नाहीत. शाळा चालते त्या ३८ आठवड्यांचे आहेत, वर्षाचे ११४० तास. मी पहिल्या वर्षी हे वाचलं होतं, कळलंही होतं, पण हिशोबात धरलं नव्हतं. तिन्ही मुलं सरकारी तासांवर घेतली, आईबापांना "सुट्टीत काय करायचं ते बघू" म्हटलं, आणि जुलै संपला. ऑगस्टमध्ये एक शिक्षिका आई स्वतःच घरी, दुसरं कुटुंब महिनाभर पुण्याला, तिसऱ्याची आजी व्हिसावर आलेली. घराचा हप्ता मात्र सुट्टीवर गेला नाही. त्या महिन्यात मी नवऱ्याला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

आता मी तेच ११४० तास ४८ आठवड्यांवर पसरवते. आठवड्याला पावणेचोवीस तास पडतात, वरचे तास आईबाप भरतात, आणि ऑगस्टही इतर महिन्यांसारखा जातो. नियमात हे बसतं. फक्त आईबापांना जागा देण्याआधी समजावून सांगावं लागतं, कारण त्यांच्या डोक्यात "३०" हा आकडा पक्का बसलेला असतो आणि पावणेचोवीस ऐकलं की त्यांना आपण सहा तास खिशात घातले असं वाटतं.

दुसरी मेख दिवसांची. माझ्याकडे पाच वर्षांखालची एका वेळी तीनच मुलं असू शकतात, आणि त्यात वर्षाच्या आतलं एक. सरकारी तास एका दिवशी जास्तीत जास्त दहा वापरता येतात. म्हणजे तीन दिवसांत ३० तास संपतात. आणि सगळ्यांना हवे असतात मंगळ, बुध, गुरू, कारण सोमवारी आणि शुक्रवारी ऑफिसवाले घरून काम करतात. तीन जागा तीन दिवसांत विकल्या, उरलेले दोन दिवस मी आणि खेळणी. मी आता सोमवार किंवा शुक्रवार घेणाऱ्याला आधी जागा देते. एका आईनं यावरून माझ्याशी बोलणं सोडलं. असो.

तिसरा प्रकार माझ्याच वेंधळेपणाचा. आईबापांनी सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून ११ आकडी कोड मिळवायचा असतो, आणि दर तीन महिन्यांनी "आम्ही अजून पात्र आहोत" असं पुन्हा कळवायचं असतं. सप्टेंबरात सुरू करायचं तर कोड ३१ ऑगस्टपर्यंत हातात हवा. एका बाळाची आई गावाहून परत आली, तीन दिवस उशिरा अर्ज केला. कोड आला, पण तो चालणार जानेवारीपासून. तिची नोकरी सुरू होणार होती त्याच आठवड्यात, आणि मी तिच्यासाठी जागा जूनपासून धरून ठेवलेली. चार महिन्यांचे पैसे कुणी भरायचे यावर आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात तासभर बसलो. ती रडली, मग मी रडले, आणि शेवटी निम्म्यावर आलो. करारात एक ओळ असती तर हे झालं नसतं. आता आहे: कोड नसेल तर पूर्ण फी. कोड मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्वतः तपासते, आणि तीन महिन्यांच्या आठवणीचे मेसेज आईबापांना मीच पाठवते. गल्लीतल्या गॅस सिलिंडरवाल्यासारखी.

पण खरा मुद्दा दराचा आहे, आणि तिथं भावजयीला समजेल अशी भाषा मला आमच्या शेतातच सापडली.

२०२५-२६ साली केंद्र सरकारनं कौन्सिलांना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, सरासरी तासाला जे द्यायचं ठरवलं ते असं: दोन वर्षांखालच्या बाळासाठी ११.५४ पौंड, दोन वर्षांच्याला ८.५३, आणि तीन-चार वर्षांच्याला ६.१२. कौन्सिल त्यातलं थोडं स्वतःकडे ठेवते आणि बाकीचं आपल्याला देते. बाळाचा दर बरा आहे, खोटं कशाला बोलू. पण तेच मूल तीन वर्षांचं झालं की दर जवळपास निम्म्यावर येतो. नर्सरीत याला कारण आहे. तिथं दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक बाई लागते, तीन वर्षांच्या आठ मुलांमागे एक चालते. माझ्याकडे मूल तीनचं होवो नाहीतर चारचं, जागा तीनच. मूल तेच, वरणभात दुप्पट खातं, आणि पैसे निम्मे.

सरकारी दर आणि आपली फी यांतला फरक आईबापांकडून मागायला बंदी आहे. जेवण, डायपर, सहलीचे पैसे मागता येतात, पण ते ऐच्छिक असले पाहिजेत, आणि बिलात प्रत्येक गोष्ट वेगळी दिसली पाहिजे. पूर्वी नर्सऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा तोटा बाळांच्या जास्त फीमधून भरून काढायच्या. आता बाळांचाही भाव सरकारच ठरवतं. गिऱ्हाईक एकच, मोठं, आणि भावही त्याचाच. वाळव्यात वाढलेल्या कुणालाही हे काय असतं ते सांगावं लागत नाही. ऊस घालायचा तो कारखान्यालाच, एफआरपी म्हणजे उसाचा किमान भाव दिल्लीत ठरणार, काटा कारखान्याचा. आमचे वडील कारखान्याला ऊस घालायचे तेव्हाही एकरभरात भाजीपाला ठेवायचेच. माझ्या तीन जागांपैकी एक मी आता नेहमी पूर्ण फीवाल्या मुलासाठी ठेवते, किंवा शाळा सुटल्यावर येणाऱ्या मोठ्या मुलांचे दोन तास धरते. तो माझा भाजीपाला.

उसाच्या बिलात मात्र एक गोष्ट इथल्यासारखी आहे, कागदावर तरी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज असं लिहिलं आहे. त्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं हा भाग वेगळा. इथं माझे पैसे महिन्याच्या महिन्याला, ठरल्या तारखेला येतात. आधी अंदाजानं, मग मुलांची मोजणी झाली की उरलेले. तासाचा दर कमी आहे म्हणून मी कुरकुरते, पण पैसे कधी येणार याची झोप मी कधी घालवली नाही. ग्रुपवरच्या व्हिडिओत हे नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

कारण महाराष्ट्रात सरकारनं खासगी दारात मुलं पाठवायची आणि पैसे नंतर द्यायचे हा प्रयोग होऊन गेला आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा. राज्यानं एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती ठरवली, कोरोनाच्या काळात ती ८,००० वर आणली, आणि थकबाकीची ओरड दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ठरलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूटच दिली, जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. मोठ्या इंग्रजी शाळांच्या रडगाण्याबद्दल मला फार कणव नाही, त्यांच्याकडे बसगाड्या आणि जिमखाने आहेत. पण भावजयीच्या दोन खोल्यांची बालवाडी दोन वर्षांची थकबाकी झेलू शकत नाही. ती दिवाळीतच बंद पडेल. तेव्हा घरच्यांनी ३० तास मागण्याआधी तारीख मागावी, आणि तारीख चुकली तर व्याज.

आता दुसरी बाजू, जी ग्रुपवर कुणालाच नको होती. इथल्या ३० तासांसाठी आईबाप दोघांनी कमावतं असावं लागतं, प्रत्येकानं आठवड्याला किमान १६ तासांच्या किमान वेतनाइतकं, आणि दोघांपैकी एकाचंही उत्पन्न एक लाख पौंडांवर गेलं तर ते बाद. हातातली नोकरी गेलेल्या आईच्या मुलाला कमी तास आणि दोन चांगले पगार असलेल्यांना जास्त. ज्या मुलाला चार तास जास्त मिळाले तर खरंच फरक पडेल, तेच बाहेर.

मागच्या वर्षी एक मराठी जोडपं माझ्याकडे आलं. दोघंही आयटीत, दोघंही कुशल कामगार व्हिसावर, कर पूर्ण भरणारे. मुलगी दीड वर्षांची. तीस तासांचा हिशोब करूनच त्यांनी घर भाड्यानं घेतलं होतं. दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदत न मिळण्याची अट होती, म्हणून तीस तास नाहीत. मुलगी तीन वर्षांची झाली की सगळ्यांना मिळणारे १५ तेवढे मिळतील, असं मी सांगितलं. तो गडी बराच वेळ बुटांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "गावाकडं अंगणवाडीत कुणी पासपोर्ट मागत नाही."

नाही मागत. १९४५ मध्ये बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांसाठी जी बालवाडी सुरू केली, तिच्यात मुलानं काही सिद्ध करायचं नव्हतं, शाळाच वस्तीवर गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्यांची केंद्राची योजना निघाली तेव्हा दार उघडंच राहिलं. कमी तास, गळकं छप्पर, मानधनावर राबणारी ताई, तिच्या हातात नोंदींच्या पोषण ट्रॅकर ॲपचा मोबाइल, सगळं मान्य. पण दार उघडं आहे.

इंग्लंडची अट जशीच्या तशी आपल्याकडे आणली तर काय होईल, ते मी आमच्याच शिवारात बघू शकते. बीडहून येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला. ती बाई पहाटे चारला फडात उतरते, मूल उसाच्या पाचटावर झोपलेलं असतं, आणि तिची स्वतःची मजुरी कुठल्याच कागदावर वेगळी लिहिलेली नसते. १६ तासांची कमाई ती सिद्ध कशी करणार? म्हणून महाराष्ट्रात पैसा येणार असेल तर तो आधी अंगणवाडीचे तास वाढवायला लागावा, असं माझं मत आहे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर, अशी 'पाळणा' योजना केंद्राची आहेच. तिथं दुसरी बाई ठेवा, तिला पगार म्हणावं असं काही द्या, संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवा. बालवाडीवाल्यांचा नंबर त्यानंतर. हे मी भावजयीला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्याकडनं आहात की अंगणवाडीकडनं?"

तरी योजना आलीच तर? मी तिला एकच काम दिलं. आपला तास किती रुपयांना पडतो ते काढ. महिन्याचा सगळा खर्च, भागिले मुलं, भागिले तास. हा आकडा हातात नसेल तर सरकारचा दर चांगला की वाईट हे तुला कळणारच नाही, आणि माझ्यासारखा ऑगस्ट बघावा लागेल.

चार दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला. बाईंचा पगार ७,५००, मदतनीस ४,५००, खाऊ ३,०००, वीज आणि साहित्य २,०००. एकूण १७,०००. चोवीस मुलं, रोज तीन तास, महिन्याचे २२ दिवस. खाली दोन रेघा मारून उत्तर: एका मुलाचा तास १० रुपये ७३ पैसे.

मी विचारलं, "खोल्यांचं भाडं कुठं आहे?"

"घर आपलंच आहे की."

"आणि तुझा पगार?"

बराच वेळ दोन निळ्या खुणा तशाच दिसत राहिल्या. मग आलं, "तो पण धरायचा असतो?"

"दोन्ही धर आणि परत पाठव," म्हटलं.