इंटिरिअरवाल्यांची मर्जी कशी राखावी

गेल्या शनिवारी सिंकखालचा कचऱ्याचा डबा उचलला, सांडलेलं पुसायला हात टेकला, आणि माझा अंगठा फळीत रुतला. कणकेत रुततो तसा. इंटिरिअर कंपनीने किचन करून हँडओव्हर फेब्रुवारीत दिलेला, हा पहिलाच पावसाळा. नळ गळत नाही, पाइप गळत नाही, प्लंबरला बोलावून दोनदा खात्री केली. कंपनीला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'नोटेड सर.'

तेव्हा लक्षात आलं, की गिऱ्हाईक म्हणून माझंच कुठेतरी चुकलं. तुमचं चुकू नये म्हणून हे अनुभवाचे बोल.

पहिली भेट त्यांच्या ऑफिसातच घ्या. तिथे एसी असतो, कॉफी असते, आणि मोठ्या स्क्रीनवर तुमचंच घर असतं. त्या थ्रीडी घरात पश्चिमेच्या खिडकीतून सोनेरी ऊन येतं. आमच्या खऱ्या घरात त्या खिडकीसमोर बी विंगचं डक्ट आहे, पण असल्या क्षुल्लक गोष्टी बोलून दाखवू नयेत. चित्रातल्या ओट्यावर तीन लिंबं आणि एक रोपटं असतं. कुकर नसतो, तेलाचा डबा नसतो, कांदे-बटाट्यांना तर तिथे प्रवेशच नाही. बायकोने विचारलं, झाडू कुठे ठेवायचा? डिझायनर मुलगी गोड हसून म्हणाली, 'यूटिलिटी में देख लेंगे मॅम.' अजून देखतोच आहोत.

कोटेशन वाचू नका. चौदा पानं असतात, डोळे खराब होतात. वाचलंतच तर कळेल की वॉर्डरोबचा भाव समोरच्या चौरस फुटाला आहे, माळा वेगळा, हँडल वेगळी, आतला लॉकर वेगळा, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात १८ टक्के जीएसटी. ओट्यामागची टाइल फुटली तर 'सिव्हिल आमच्या स्कोपमध्ये नाही.' स्कोप हा शब्द मात्र पाठ करून ठेवा, पुढे रोज लागतो.

घरातल्या ताटांचं माप सांगायच्या भानगडीत पडू नका. आमची स्टीलची ताटं त्यांच्या बास्केटमध्ये बसेनात, तर सुपरवायझर म्हणाला, 'मॅम, प्लेट्स चेंज कर लीजिए.'

सुपरवायझरचं नाव लक्षात ठेवू नका. बदलतो. आमचे सात महिन्यांत चार झाले, आणि प्रत्येकाने आल्या आल्या पहिल्यांदा टेप काढून सगळं पुन्हा मोजलं.

रजा जपून वापरा.

प्लाय कुठला, हे तर चुकूनही विचारू नका. विचारलंत की ते तुम्हाला काचेच्या बरणीकडे नेतील. लोणच्यातल्या फोडीसारखा एक तुकडा तिथे पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. 'बघा सर, दोन वर्षं झाली, काही होत नाही.' खरंच होत नाही, कारण तो तुकडा चांगला मरीन प्लाय असतो, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. फक्त तो बरणीत राहतो, तुमच्या सिंकखाली येत नाही. तिथे येतं 'इंजिनिअर्ड वूड'. काय नाव आहे! भुसा आणि डिंक दाबून फळी केली, तिला आमच्या पोरांची डिग्री दिली. आयएसआयचा शिक्का बघायचा म्हणाल तर तो फळीवर असतो, आणि फळी फॅक्टरीतूनच लॅमिनेट चढून, कापून येते. मग साइटवर कुणीतरी पाइपसाठी भोक पाडतं आणि त्याची कड तशीच कोरी सोडून निघून जातं. वरून लॅमिनेट, खालून लॅमिनेट, मधे उघडा भुसा. ओट्यावरून ओघळणारे चार थेंब रोज तिथे जाऊन बसतात. कड झाकायची एक पट्टी एजबँडची, नाहीतर दोन रुपयांचं सिलिकॉन. तेवढं लावायला काय हात मोडले होते?

असो. सल्ला चालू ठेवू.

काम पंचेचाळीस दिवसांत होतं, यावर श्रद्धा ठेवा. पंचेचाळीस म्हणजे कामाचे दिवस, तेही शेवटची सही आणि शेवटचा हप्ता यांच्यानंतरचे. त्यातून आमच्या सोसायटीत ठोकाठोक दहा ते सहा, दुपारी दोन ते चार बंद. कारागीर यायचे दीडला. डबा खायचे. दोन वाजले की शांतता. चारला ड्रिल सुरू, साडेपाचला आवराआवर. वास्तुशांतीच्या दिवशी मात्र सकाळी नवालाच हजर! गुरुजी होमात आहुती देतायत आणि आतून ड्रिलचा आवाज. गुरुजींनी 'स्वाहा' जरा वाढवून घेतलं.

आणि पैसे. पैसे वेळेवर द्या. दहा टक्के बुकिंगला. पन्नास टक्के कटिंग सुरू होताना. उरलेले चाळीस माल फॅक्टरीतून निघायच्या आधी. बेरीज करून बघा. म्हणजे पहिली फळी लिफ्टमध्ये चढायच्या आधी तुमच्या हातात त्यांचं काहीही उरत नाही, आणि त्यांच्या हातात तुमचं सगळं असतं. आमचे किचनचे ४ लाख २० हजार असेच गेले. त्या दिवसापर्यंत मला रोज 'गुड मॉर्निंग सर' यायचं. अकरा जणांचा ग्रुप होता, डिझाइन हेड काय, क्लायंट डिलाइट मॅनेजर काय. हप्ता जमा झाल्यावर एकेक नाव 'लेफ्ट' होत गेलं. आता ग्रुपवर मी आहे, बायको आहे आणि 'नोटेड सर' आहे.

बरं, वॉरंटी दहा वर्षांची. परवा कागद उघडून वाचला. पाण्याने झालेलं नुकसान त्यात धरलेलं नाही. अहो, सिंकखालच्या फळीला पाण्याशिवाय दुसरं काय होणार आहे? वीज पडणार आहे? वाघ येऊन खाणार आहे? ज्या गोष्टीसाठी माणूस वॉरंटी मागतो तीच वगळून बाकीच्या दहा वर्षांची हमी देता, आणि वर त्या कागदावर हसऱ्या कुटुंबाचा फोटो छापता. लाज वाटू द्या जरा. घरकर्जाचा हप्ता चालू असताना लोक बाजूला टाकलेले पैसे मोडून तुमच्याकडे येतात. तुम्ही त्यांना बरणीतला तुकडा दाखवता आणि भुसा विकता. ह्याला डिझाइन म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

आणि तुम्ही, जे पुढच्या महिन्यात बुकिंग करणार आहात, शेवटचे चाळीस टक्के सगळे आधी देऊ नका. दहा टक्के तरी सगळं बसून, नळ सोडून, दारं उघडून बघेपर्यंत हातात ठेवा आणि ते करारात लिहून घ्या. सिंकखाली कुठला प्लाय, हेही लिहून घ्या. लिहून देत नसतील तर उठा, कॉफी अर्धी राहिली तरी चालेल. मी उठलो नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाची तक्रार लिहायला घेतली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली तर फी लागत नाही, वकीलही लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. फोटोत अंगठ्याचा ठसा स्पष्ट आलाय.

आत्ताच ग्रुपवर मेसेज आला, उद्या अकराला माणूस पाठवतो म्हणून. मी रजा टाकलेली नाही.