नुसते नाव पुरेसे नाही

टी-शर्टवर लष्करी तळाचे नाव आणि तेथील सेवेची वर्षे छापली की माजी सैनिकांचा सन्मान झाला, हे अशा कपड्यांविषयीच्या एका लेखातील विधान मला पटले नाही. अस्मारा (तेव्हा इथिओपियात, आज इरिट्रियाची राजधानी) येथील कॅग्न्यू स्टेशन हा रेडिओ संदेश टिपणारा अमेरिकी तळ १९७७मध्ये बंद झाला; त्याचे नाव कोरियन युद्धात लढलेल्या इथिओपियाच्या कॅग्न्यू पलटणीवरून पडले होते, आणि तेवढी एक ओळ तरी कपड्यावर असायलाच हवी.

एकदा विमानतळावर शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांच्या टोपीवर, कडेचे दोरे उसवलेल्या भरतकामात, मी हेच नाव वाचले. ‘हे कुठे आहे?’ असे विचारताच, ज्यांना त्या तळावरील आपल्या कामाबद्दल वर्षानुवर्षे घरीही अवाक्षर काढता आले नव्हते, ते आजोबा विमानाची घोषणा होईपर्यंत भरभरून बोलत राहिले.