‘पोसलेली लीग’? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

एनआरएलडब्ल्यूवरच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या महिला रग्बी लीगवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि तावातावाने लिहिलंत. त्यामुळे ‘मतभेद मान्य’ म्हणून बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं असं: ही स्पर्धा पुरुषांच्या पैशावर पोसलेली आहे, खेळ कच्चा आणि संथ आहे, हातातून चेंडू फार सुटतात, आणि खरी रग्बी पंधरा जणांची असताना तेरा जणांच्या या प्रकारावर मराठीत लिहायचं कशाला?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण पैशाचं उत्तरही तिथेच दडलंय. तेरा जणांची रग्बी वेगळी झाली ती मजुरीच्या भांडणातून. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. सामन्यासाठी काम सोडलं की तेवढी मजुरी बुडायची. ती क्लबने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. रग्बीच्या धुरिणांना ती हौशी खेळाला बट्टा वाटली. अखेर 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. (गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे आणखी समजावून सांगायला नको.) तेरा खेळाडू, लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू रांगेत उभं राहून उडी मारून झेलणं) नाही, सहा टॅकलमध्ये (चेंडूवाल्याला सहा वेळा पकडून पाडेपर्यंत) काही साधलं नाही तर चेंडू समोरच्यांना, हे सगळं नंतर आलं.

तीच बुडालेली मजुरी आज बायकांच्या वाट्याला आली आहे. 2018 मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा चार संघ होते: ब्रिस्बेन ब्राँकोज, सिडनी रूस्टर्स, सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स आणि न्यूझीलंड वॉरियर्स. सामना साठ मिनिटांचा. त्या वर्षी रूस्टर्सकडून खेळलेली रुआन सिम्स अग्निशमन दलात नोकरीला होती. खेळाडूंशी पहिला सामूहिक करार झाला तो थेट 2023 मध्ये. त्यात किमान मानधन 30 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर ठरलं आणि एका क्लबने संपूर्ण संघावर करायच्या खर्चाची मर्यादा 9 लाख डॉलर. पुरुषांच्या क्लबला हीच मर्यादा 1 कोटी 20 लाखांच्या घरात होती. दिवसभर ड्यूटी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलीच्या हातून चेंडू सुटतो, यात मला नवल वाटत नाही.

पैसा पुरुषांच्या स्पर्धेतून येतो, हे अगदी बरोबर. पण मग मेलबर्न स्टॉर्मचं काय करायचं? मेलबर्न म्हणजे रग्बीवर नाही, तर ऑस्ट्रेलियन रूल्स या वेगळ्याच फुटबॉलवर जीव टाकणारं शहर. तिथे 1998 च्या हंगामात हा पुरुषांचा क्लब उतरवला आणि न्यूज लिमिटेड या माध्यम कंपनीने 2013 पर्यंत त्यात पैसा ओतला. आज त्याची गणना सगळ्यात बलाढ्य क्लबांत होते. तेव्हाच्या खर्चाला गुंतवणूक म्हणायचं आणि मुलींवरच्या खर्चाला पोसणं, हे मला पटत नाही.

दर्जाबद्दल म्हणाल, तर अंतिम सामन्यांचे धावफलक बघा. 2018 मध्ये ब्राँकोजने रूस्टर्सना 34–12 लोळवलं, पुढच्या वर्षी ड्रॅगन्सना 30–6. असे सामने अर्ध्यातच संपलेले असतात. आता 2023 घ्या: न्यूकासल नाइट्स 24, गोल्ड कोस्ट टायटन्स 18. 2024: रूस्टर्स 32, क्रोनुला शार्क्स 28. 2025: ब्राँकोज 22, रूस्टर्स 18. मधल्या काळात संघ चाराचे सहा, सहाचे दहा आणि दहाचे बारा झाले. संघ वाढले की गुणवत्ता पातळ होते, असं तुम्हीच लिहिलंय. अंतिम सामने तर उलट जास्त अटीतटीचे झाले. ब्राँकोजची टमीका अप्टन फुलबॅकच्या, म्हणजे सगळ्यात मागच्या जागेवरून सुसाट निघते तेव्हा ‘संथ खेळ’ हे शब्द आठवतही नाहीत. तिचे सामने एकदा बघाच.

‘प्रेक्षकच नाहीत’ असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. 1921 मध्ये सिडनीत बायकांचा रग्बी लीगचा सामना झाला, त्याला वीस हजारांवर लोक लोटले होते आणि मॅगी मलोनीने चार ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) केले. गर्दी तेव्हाही होती. त्यानंतर पाठबळ मिळालं नाही, ते लीगच्या कारभाऱ्यांकडून.

आता ‘मराठीत कशाला’. पुण्याच्या वाहबिझ भरुचाने भारताच्या महिला रग्बी संघाचं नेतृत्व केलं. ती युनियन, म्हणजे तुमची ती ‘खरी’ रग्बी खेळली, लीग नाही. पण ती फिजिओथेरपिस्टही आहे. म्हणजे खेळ आणि पोटापाण्याचा धंदा दोन्ही सांभाळणारी मुलगी आपल्याकडेही आहे, आणि तिच्यामागे तर अशी साखळी स्पर्धाही नव्हती.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे आणि ती तुम्ही केली असतीत तर मी लगेच मान डोलावली असती. बारा संघ असूनही 2025 मध्ये साखळीत प्रत्येकाला अकराच सामने मिळाले, आणि अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्याआधी, त्याच दिवशी, त्याच मैदानावर. त्या दिवशी ब्राँकोजचे दोन्ही संघ जिंकले, म्हणून ते साजरं दिसलं. पण मुलींच्या अंतिम सामन्याला स्वतःची वेगळी संध्याकाळ द्यायला आता हरकत नसावी. स्टेट ऑफ ओरिजिन या दोन राज्यांमधल्या लढतीत क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या मुलींना 2024 पासून तीन सामन्यांची मालिका मिळाली, तेव्हा पंचवीस हजारांवर लोक फक्त त्यांच्यासाठी आलेच होते की.