अकरा सेंटिमीटरची नवरी

"तुझ्याकडे मोठा कॅमेरा आहे ना, मग व्हिडिओवाला कशाला?" एवढ्या एका वाक्यावर मावशीने माझा रविवार खाल्ला. मावसबहिणीचं लग्न. मामा नवरीला बोहल्यावर आणतो, ते पंधरा सेकंद काही झालं तरी हवेच होते.

हा मोठा कॅमेरा २०१३च्या आधीचा. व्हिडिओ लावला की आतला आरसा वर जातो आणि चटकन फोकस धरणारा भाग आंधळा होतो. मग ऑटोफोकस, चष्मा हरवलेल्या आजोबांसारखा पुढे-मागे चाचपडत बसतो. मागच्या लग्नात त्याने अख्खी मंगलाष्टकं उडत्या अक्षतांवर काढली. म्हणून या वेळी फोकस हाताने. पन्नास मिलिमीटरची लेन्स, एफ १.८ म्हणजे लेन्सचं भोक सताड उघडं, अंतर दोन मीटर. एवढ्यात पुढे-मागे मिळून स्पष्ट येतात ते जेमतेम अकरा सेंटिमीटर. मामाचं एक पाऊल त्याच्या पाचपट! भोक बारीक करून एफ ८ केलं असतं तर अर्धा मीटर मिळाला असता, पण हॉलमध्ये उजेड नाही आणि मागचं धूसर दिसावं ही माझी हौस. सिनेमावाले जमिनीवर खुणा करतात, लेन्सवरची फोकसची रिंग फिरवायला वेगळा माणूस ठेवतात. मी गालिच्यावर निळी चिकटपट्टी लावली आणि मामाला बजावलं, "इथे दोन सेकंद थांब."

बॅटरी बदलून येतो तर पट्टी नवरीच्या आत्याच्या यजमानांच्या बोटावर.

"काका, ती पट्टी..."

"काढली. कुणी अडखळून पडलं असतं."

"चिकटपट्टीला?"

"आमच्या धाकट्याच्या लग्नात विहीणबाई वायरीला अडखळल्या होत्या."

"ही वायर नाही, फोकसची खूण आहे."

"फोकस?" काकांनी खिशातून फोन काढला. "यात आपोआप होतो. केवढ्याला पडला हा तुझा?"

सांगितलं. पाच हजार कमी करून.

"आणि तरी आपोआप नाही?"

फोनचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा तुकडा, नखाएवढा असतो, म्हणून त्यात पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं, असं मी समजावलं.

"म्हणजे लहानच चांगला की!"

मी तोंड उघडतोय तोच गुरुजी गरजले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मुहूर्ताच्या धास्तीने मामा जवळजवळ पळतच आला. मी रिंग फिरवली. उलटी.

काकांचा व्हिडिओ ग्रुपवर बदामांनी न्हाऊन निघाला. माझ्यावर मावशीचा एकच प्रश्न : "पुसट का रे?" चार तास उभा होतो, शेवटच्या पंगतीला मसालेभात गार आणि मठ्ठा संपलेला, हे कुणी विचारलं नाही. फुकटच्या माणसाला जेवलास का विचारायची पद्धत नसावी.

काल काकांचा फोन आला. "अरे, तुझ्या त्या व्हिडिओत मागे मी उभा आहे ना, फार स्वच्छ आलोय. फोटो काढून दे, डीपीला लावतो."

दिला. कोटाचं बटण न् बटण मोजता येतं. पुढ्यात एक पिवळा ढग आहे, ती नवरी.