एक सरळ लाल रेघ

टेप काढली आणि जीवच गेला. माझा हं, इंजिनाला काही झालं नव्हतं, ते मस्त गुलाबी होऊन टेबलावर बसलं होतं.

झालं असं की शाळेत असताना बाबांनी कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात नेलं होतं, तेव्हापासून डोक्यात किडा आहे आणि चाळिशी जवळ आल्यावर त्या किड्याने क्रेडिट कार्ड वापरायला सुरुवात केली. मॉडेल करायला काय घेतलं तर डब्ल्यूएपी-7. तेच हो, रेल्वेचं पांढरं विजेचं इंजिन, मधून लाल पट्टा, 2000 साली पहिलं आलं त्याचं नाव नवकिरण. खरं साडेवीस मीटर लांब, आपलं 1:87 मध्ये, म्हणजे सत्त्याऐंशी पट लहान, साधारण साडेतेवीस सेंटीमीटर, म्हणजे पोळपाटावर बरोब्बर मावतं (हे मला कसं माहीत यावरून घरात एकदा भांडण झालेलं आहे). दोन रुळांमधलं अंतर मात्र 16.5 मिलिमीटर, हिशोबाने आपल्या ब्रॉड गेजला 19 च्या वर पाहिजे, पण हे पाहुण्यांना सांगायचं नसतं, सांगितलं की ते चहा अर्धा ठेवून उठतात.

बॉडी एका ओळखीच्या पोराने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिली. आधी फिका रंग मग गडद एवढी अक्कल मला होती, त्यामुळे पांढरा मारला, दोन दिवस वाळू दिला, मग पट्ट्याच्या वरखाली टेप लावली. टेप कुठली? घर रंगवताना पेंटर खिडक्यांना चिकटवून गेला होता त्यातली उरलेली. त्याच्यावर लाल. टेप काढल्यावर कडेची हालत अशी की श्रावणात आळता लावून कोणी ओल्या फरशीवरून चालत गेलंय. चिरंजीव आले, बघितलं, म्हणाले, "बाबा, हे स्ट्रॉबेरीचं आहे का?"

दुसऱ्या वेळी पैसे सोडले. तामिया या जपानी मॉडेल कंपनीची पिवळी टेप आणली. तिचीही कड तशीच वापरायची नाही म्हणे, रोलच्या कडेला धूळ आणि केस चिकटलेले असतात, म्हणून काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने ताजी कड कापून घेतली, टूथपिकने दाबली, नखाने दाबली, ऑफिसच्या कॉलवर म्यूट करून पण दाबत होतो. लाल मारला, काढली. यावेळी रंग पसरला नव्हता, दात आले होते. एकसारख्या अंतरावर बारीक बारीक लाल दात, केसांच्या फणीसारखे.

आता हे काय नवीन म्हणून बाबांचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं आणि तेव्हा कळलं. प्रिंटर थरावर थर चढवतो ना, त्याच्या रेषा राहतात, आणि पोराने बॉडी नाक वर करून उभी छापली होती त्यामुळे त्या सगळ्या रेषा माझ्या पट्ट्याला आडव्या. टेप वरून पूल बांधल्यासारखी बसणार आणि खालून प्रत्येक रेषेतून रंग चालला पाटाच्या पाण्यासारखा. मी पंधरा दिवस टेपला शिव्या घालत होतो.

मग सगळा रंग उतरवला, खाचा बुजवणारा फिलर प्रायमर मारला आणि आठशेचा पॉलिश पेपर घेऊन नळाखाली घासत बसलो, मग हजारचा. रात्रीचे अकरा. बाथरूमच्या दारातून आई म्हणाली, "घासतोच आहेस तर कुकर पण घे."

तिसऱ्या वेळची खरी गंमत अशी की टेप लावल्यावर लाल मारायचाच नाही. आधी टेपच्या कडेवर परत पांढराच मारायचा. बायको म्हणाली, "पांढऱ्यावर पांढरं? बरं आहेस ना?" अगं पण तोच तर डाव आहे, फट असेल तर तिच्यात पांढरा शिरून बसतो, पांढऱ्यावर पांढरा दिसतोय कुणाला, आणि मागून लाल आला की त्याला जागाच नाही, शेवटच्या लोकलला आधीच दारात लोक लटकलेले असतात तसं. मग लाल, पातळ, तीन-चार हात, एअरब्रशचा (रंगाचा फवारा मारणारं पेन) फवारा टेपकडून पट्ट्याकडे, टेपच्या कडेखाली शिरेल असा कधीच नाही. केबिनच्या दाराच्या खाचेत टेप बसत नाही, तिथे मास्किंगचं ते रबरासारखं वाळणारं द्रव टूथपिकने भरलं. शेवटचा हात जरा ओलसर असतानाच टेप स्वतःवरच उलटी दुमडून, हळू, दाताचा डॉक्टर टाका काढतो तशी काढली.

रेघ आली. काय सांगू, ब्लेडने कापल्यासारखी. भिंगातून बघितली, मोबाईलवर झूम करून बघितली, आईला बोलावून दाखवली, ती म्हणाली छान आहे, कुकर राहिलाय.

दुसरी बाजूही तशीच झाली, एक दातही नाही. आणि मग मी इंजिन समोरून बघितलं. दोन्ही बाजूंचे पट्टे नाकावर येऊन भेटायचे होते, डावा आला, उजवा आला, आणि एकमेकांना ओळख न दाखवता एक मिलिमीटर वरखाली निघून गेले. मोजपट्टी दोन वेळा वेगवेगळ्या ठिकाणाहून धरली होती.

बायकोने इंजिन उचललं, शोकेसमध्ये कपबशांच्या शेजारी ठेवलं, नाक भिंतीकडे. मागचं तोंड अजून मी बघितलेलं नाही.