बिल तेवढं निघंना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सॉफ्टवेअर बसवायला गेलं की मालक आधी चहा सांगतात आणि मग विचारतात, "अर्ध्या तासात होतंय नव्हं?" होतंय की. स्टॉकची एन्ट्री होते, पार्टीचं लेजर उघडतं, जीएसटी बरोबर लागतो. मग मालक म्हणतात एक बिल काढून दाखवा, आणि प्रिंट दाबलं की स्क्रीनवर इंग्रजी निबंध, 'कुड नॉट लोड फाइल ऑर असेम्ब्ली', पुढं क्रिस्टलडिसिजन्स, व्हर्जन 13.0.2000.0, पब्लिक की टोकन वगैरे. परवाच्या मालकांनी चष्मा वर करून तो अख्खा वाचला आणि विचारलं, "टोकन भरायचं राहिलंय का ओ?"

आता यांना रनटाइम कसा समजवायचा. बिलाचा नमुना आपण क्रिस्टल रिपोर्ट नावाच्या टूलमध्ये बनवतो, पण तो वाचून कागदावर उतरवणारं इंजिन वेगळं, तोच रनटाइम, ते आपल्या मशीनवर असतंच म्हणून आपल्याकडं सगळं गुळगुळीत चालतं, गिऱ्हाइकाच्या पीसीवर ते टाकावं लागतं. मालक म्हणाले, "म्हणजे अर्धंच सॉफ्टवेअर दिलं की तुम्ही!"

बरं टाकायचं कुठलं, 32 बिट का 64? विंडोज 64 असली तरी आपली एक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, 32 मध्ये कंपाइल केलेली, तिला 32 चाच रनटाइम लागतो, शेजारी 64 वाला बसलाय तरी बाई ढुंकून बघत नाही. फाइल शोधायला जावं तर सिस्टिम32 नावाच्या फोल्डरात 64 बिटच्या फाइली, आणि 32 च्या कुठं? सिसवॉव64 मध्ये! ही नावं ज्यानं चालू ठेवली त्याला मे महिन्यात दुपारी दोनला सात रस्त्यावर उभं करायला पाहिजे.

दिवाणजींच्या पीसीवर रनटाइम आधीच होता, कुठल्यातरी दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यानं टाकलेला. पण तो 13.0.3500.0, आपला प्रोग्रॅम 2000 मागतो. आपला टाकायला गेलो तर विंडोजनं अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला. पासवर्ड कुणाला माहितीये? भाच्याला. भाचा कुठंय? सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर.

मालक फोनवर तेलुगूत कुणाला तरी माझ्याबद्दलच सांगत होते, त्यातलं मला 'रनटाइम' एवढंच कळलं, आणि ते ज्या सुरात म्हटलं त्यावरून बाकीचं पण कळलं. शेवटी भाच्यानं फोन उचलला, मागं पाळण्याचा आणि पिपाण्यांचा दंगा, त्यात तो ओरडून सांगतोय, "सिद्धेश्वर, एस मोठा, पुढं 123!" आख्ख्या होम मैदानाला पासवर्ड कळला असणार.

रनटाइम बसला, एरर गेली, आणि बिलाच्या उजवीकडची रकमेची कॉलमच कापून आली, कारण डिफॉल्टला कुठलातरी पावती छापायचा छोटा प्रिंटर लावलेला. तो बदलला. बिल आलं, एकदम झकास, लोगोसकट. मी कागद घेऊन दिवाणजींकडं गेलो तर त्यांनी केव्हाच बिलबुकात कार्बन घालून हातानं बिल लिहिलं होतं, आणि टेंपो निघून पण गेला होता.