मिडीचं नाव, अर्थिंगवर घाव

साउंडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘स्टेज मॉनिटर प्रोसेसरला मिडी लावणाऱ्यांनो, सावधान!’ लिहिणाऱ्याचं नाव नाही, अनुभव मात्र ‘तीस वर्षांचा’ आहे. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा माझ्या भाच्यानं पाठवला. तो तालुक्याच्या गावी एका ऑर्केस्ट्राचं साउंड सांभाळतो, पोरगा हुशार आहे, आणि मेसेजखाली त्यानं विचारलं होतं, “मामा, मग रॅकच्या प्लगची जाड पिन कापून टाकू का?” त्याला फोनवर जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. बाकीचं लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मिडीच्या केबलमधून आवाज जातो, म्हणून केबल स्वस्त असली की मॉनिटर पातळ वाजतो. मिडी जोडलं की ग्राउंड लूप होऊन (म्हणजे यंत्रांच्या ग्राउंडच्या तारांचं वेटोळं होऊन त्यात नको तो करंट फिरून) हमिंग, म्हणजे सततची घूं-घूं, येतं, त्यावर उपाय म्हणजे प्रोसेसरची अर्थिंग पिन काढून टाकणं. मिडीमुळे आवाज उशिरा पोचतो आणि गायक बेसूर होतो. चालू कार्यक्रमात सेटिंग आपोआप बदललं तर ‘चिप गेली’ असं समजावं. आणि दर महिन्याला फॅक्टरी रीसेट मारावा, मेमरी ‘साफ’ राहते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: गायकाच्या पायाशी तिरका ठेवलेला स्पीकर किंवा कानातला इअरपीस म्हणजे मॉनिटर. त्याच्याकडे जाणारा आवाज ज्या डबीतून जातो, जिथं शिट्टी मारणारी फ्रिक्वेन्सी कापली जाते, आवाज मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटर बसतो, डिले म्हणजे मुद्दाम दिलेला उशीर लावला जातो, तो मॉनिटर प्रोसेसर. डबीच्या मागं पाच भोकांची गोल सॉकेटं असतात, ती मिडीची, म्हणजे वाद्यं आणि यंत्रं एकमेकांना ज्या भाषेत हुकूम देतात तिची. त्यातून गाण्यागणिक सेटिंग बदलता येतं, सगळी सेटिंग्ज लॅपटॉपवर उतरवून ठेवता येतात.

आता पहिला मुद्दा. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. कधीच गेलेला नाही. हॉटेलातला पोऱ्या आत तोंड करून ‘दोन मिसळ, एक तिखट’ ओरडतो, त्या ओरडण्यातून मिसळ जात नाही, तसंच हे. केबलमधून जातो तो फक्त हुकूम: अमुक स्वर लाव, तमुक नंबरचं सेटिंग उचल. पुरावा आपल्या ऑर्केस्ट्रातच आहे. १९८५ साली रोलंडनं पहिला ऑक्टोपॅड काढला, पॅड-८. त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. थेट ॲम्प्लिफायरला जोडून आठही पॅड बडवले असते तरी काही ऐकू आलं नसतं. आवाज काढायचं काम मिडीनं जोडलेल्या दुसऱ्या यंत्राचं. ज्या वाद्याशिवाय आपल्याकडची एक वरात निघत नाही, त्याचा जन्मच ‘मिडी म्हणजे आवाज नव्हे’ या गोष्टीवर झालाय, आणि तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला ते ठाऊक नाही.

त्यामुळे महाग केबलनं आवाज भरदार होतो हे बोलणंच निरर्थक. केबल तुटकी असेल तर हुकूम पोचणार नाही किंवा अर्धवट पोचेल. पातळ वगैरे काही होत नाही. लांबीची मर्यादा आहे, ती १५ मीटर. एक गोष्ट मात्र खरी, आणि ती मेसेजमध्ये चुकून बरोबर आली असावी: जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनची ऑडिओ केबल दिसायला हुबेहूब तशीच असते, पण तिच्या आतल्या तारा वेगळ्या पद्धतीनं जोडलेल्या असू शकतात. ती मिडीला लावलीत तर काम होईलच असं नाही. पंधरा मिनिटं डोकं खाजवण्याआधी केबल बदलून बघावी.

आता अर्थिंग. बाकीचे मुद्दे अडाणीपणाचे आहेत, हा जिवावरचा आहे.

मिडीची मूळ स्पेसिफिकेशन १९८३ सालची. ती लिहिणाऱ्यांना स्टेजवरच्या हमिंगची पुरती कल्पना होती. म्हणून त्यांनी काय केलं बघा. पाच पिनांपैकी कामाच्या दोन, ४ आणि ५. त्यांतून सुमारे ५ मिलिअँपिअरचा करंट जातो आणि घेणाऱ्या यंत्रात पोचल्यावर ऑप्टो-आयसोलेटरमधला एक बारीकसा एलईडी पेटवतो. समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो, तो उजेड बघून सिग्नल पुढं देतो. म्हणजे दोन यंत्रांमध्ये निरोप जातो तो उजेडानं, तांब्याची तार मध्ये तुटलेली असते. राहिली पिन २, म्हणजे शील्ड, तारांभोवतीचं जाळीचं आवरण. ती मिडी आउटला ग्राउंडला जोडायची आणि मिडी इनला जोडायची नाही, असं स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट सांगितलंय. ग्राउंड लूप होऊच नये यासाठीच हा सगळा खटाटोप. आणि मेसेजवाला म्हणतो मिडीमुळे ग्राउंड लूप होतो.

पटत नसेल तर हमिंग चालू असताना मिडीची केबल उपटून बघा. नियमाप्रमाणे बनवलेल्या यंत्रावर हमिंग तसंच राहील.

अर्धसत्य इथंही आहे, नाइलाजानं कबूल करतो. प्रोसेसर लॅपटॉपला गोल मिडी केबलनं न जोडता थेट यूएसबीनं जोडला असेल, तर यूएसबीची ग्राउंड दोघांना एकत्र बांधते आणि लॅपटॉपच्या चार्जरची घरघर मॉनिटरमध्ये उतरू शकते. चार्जर काढला की थांबते. बहुधा या माणसानं कधीतरी हेच पाहिलं आणि खापर मिडीवर फोडलं. त्याचा इलाज यूएसबी आयसोलेटर आहे, किंवा मधे मिडी इंटरफेस घालून पुढची जोडणी गोल केबलनं करणं आहे.

पण समजा हमिंग खरोखर ग्राउंड लूपचंच आहे. तरीही पिन कापायची नाही. आपल्या तीन पिनी प्लगमधली वरची जाड पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते ती शोभेला नाही. प्लग घुसवताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ती कापली की काय होतं? हल्लीच्या यंत्रांत स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. त्याच्या इनपुटच्या फिल्टरमध्ये लाइन आणि न्यूट्रल या दोघींपासून धातूच्या पेटीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतली गळती जमिनीत जाते. अर्थिंग काढलीत की पेटी अधांतरी राहते आणि मीटर लावला तर २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दाखवते. हाताला झिणझिण्या येतात त्या याच. ‘जरा करंट मारतो, पण चालतं’ असं आपल्याकडे रॅकबद्दल सहज बोललं जातं. त्यातला करंट फार कमी असतो म्हणून चालतं. पेटीच्या आत एखादी लाइनची तार सुटून पत्र्याला लागली की तो करंट कमी राहत नाही.

आणि मग तो पत्र्यावरच थांबत नाही. प्रोसेसरच्या पेटीला ऑडिओ केबलचं शील्ड जोडलेलं, ते मिक्सरच्या ग्राउंडला, तिथून माइकच्या केबलला, आणि माइकच्या धातूच्या अंगाला. तो माइक गायकाच्या ओठांपाशी आणि घामेजल्या मुठीत. दुसरा हात मंडपाच्या लोखंडी खांबावर गेला की वाट पूर्ण झाली. पावसाळ्यात गणपतीच्या मंडपात पायाखाली ओली माती असते, तिथं खांबाचीही गरज नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी इथं ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्यानं स्टेजवरच दगावला, प्रेक्षकांसमोर.  आपल्याकडच्या मेसेजमध्ये त्याचं कारण उपाय म्हणून दिलंय.

‘आमच्याकडे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे’ असं कुणी म्हणेल. असावीच, ३० मिलिअँपिअरची. पण ती काय करते ते समजून घ्या. अर्थिंग जागेवर असेल तर पत्र्याला लाइन लागता क्षणी गळती अर्थिंगमधून वाहते आणि ती ट्रिप होते, कुणी हात लावण्याआधी. अर्थिंग कापली असेल तर ती माणूस चिकटल्यावरच ट्रिप होते, कारण गळतीला वाटच माणसाची उरलेली असते. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर त्याची अर्थिंग जमिनीत पुरली आहे का हे आधी डोळ्यांनी बघायचं. लाइटवाला ‘केलंय ओ’ म्हणाला एवढ्यावर भागवायचं नाही.

हमिंगचे खरे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. साउंडची सगळी यंत्रं एकाच डिस्ट्रिब्युशन बोर्डवरून घ्या, लाइटच्या डिमरपासून वेगळी. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, लॅपटॉप डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या लांब केबलजोगा करणारी डबी) घ्या आणि त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते बटण सिग्नलची ग्राउंड तोडतं, विजेची अर्थिंग नाही, म्हणून त्याला भ्यायचं कारण नाही. तेवढ्यानं नाही भागलं तर मिक्सर आणि प्रोसेसरच्या मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. बॅलन्स्ड लाइनवर (सिग्नल दोन तारांतून आणि शील्ड वेगळं, अशी केबल) एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनी कनेक्टरच्या, पिन १ चं शील्ड प्रोसेसरच्या बाजूनं सोडलेली एक केबलही करून ठेवता येते. तिच्यावर लाल टेप गुंडाळा, नाहीतर कुणीतरी ती कंडेन्सर माइकला लावेल, फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) पोचणार नाही आणि माइक मेला म्हणून बोंब होईल.

भाच्याच्या रॅकची पिन शाबूत आहे.

उशिराचा मुद्दा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद. सेटिंग बदलण्याचा हुकूम दोन बाइटचा, म्हणजे ०.६४ मिलिसेकंद. आणि हा वेळ हुकुमाला लागतो, गायकाच्या आवाजाला नाही. आवाज मिडीतून जातच नाही हे वर झालं. खुद्द प्रोसेसरमध्ये ॲनालॉगचं डिजिटल आणि परत ॲनालॉग करताना एक-दोन मिलिसेकंद जातात, हे खरं. पण पायाशी ठेवलेल्या मॉनिटरपासून कानापर्यंत दोन मीटर हवेतून येतानाच आवाजाला सहा मिलिसेकंद लागतात, त्याबद्दल कुणी मेसेज लिहीत नाही. अडचण होते ती इअरपीस वापरणाऱ्या गायकाला. स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून ताबडतोब पोचतो आणि कानातून किंचित उशिरा, दोन्ही मिसळून पोकळ वाटतं. डिजिटल मिक्सर, मग प्रोसेसर, मग डिजिटल वायरलेस अशी माळ लावली की ते वाढतं. गायक तक्रार करत असेल तर माळेतलं एक यंत्र कमी करा. मिडीची केबल काढून काही होणार नाही.

‘चिप गेली’ ही तर कमालच आहे. प्रसंग असा असतो: लावणी संपते, निवेदक बोलतोय, कीबोर्डवाला पुढच्या भावगीतासाठी बासरीचा टोन निवडतो, आणि त्याच क्षणी गायिकेच्या मॉनिटरमधला आवाज गायब होऊन ढोलकी धडधडू लागते. ऑपरेटर घाबरतो, यंत्र बंद-चालू करतो, दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला टाकतो. दुरुस्तीवाल्याला त्यात दोष सापडत नाही, बिल मात्र सापडतं.

यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. टोन बदलला की कीबोर्ड मिडी आउटमधून प्रोग्राम चेंजचा हुकूम सोडतो, बहुतेक वेळा चॅनल १ वर. प्रोसेसर त्याच माळेत असेल आणि चॅनल १ वर किंवा ऑम्नीवर, म्हणजे सगळ्याच चॅनलांना कान देऊन बसला असेल, तर तो हुकूम आपल्यालाच आहे असं समजून त्या नंबरचं सेटिंग उचलतो. मिडीला १६ चॅनल दिलेत ते कशासाठी? प्रोसेसर चॅनल १६ वर टाका, ऑम्नी बंद करा, कीबोर्डवाल्याला प्रोग्राम चेंज पाठवणं बंद करायला सांगा. डिजिटल मिक्सरवरही हीच खबरदारी. यामाहाच्या झीरो वन व्ही ९६ सारख्या मिक्सरला मिडीनं सीन, म्हणजे साठवलेली सेटिंग्ज, बदलता येतात, तोही असाच फसतो, आणि त्यावर प्रोग्राम चेंज घ्यायचा की नाही याचं बटण दिलेलं आहे. आणखी एक गोम: हुकुमात नंबर ० पासून १२७ पर्यंत मोजतात, बरीच यंत्रं पडद्यावर १ पासून १२८ दाखवतात. पाच मागितलं आणि सहा आलं तर हिशोब तिथं चुकलेला असतो.

महिन्याला फॅक्टरी रीसेट मारून मेमरी ‘साफ’ राहत नाही, रिकामी होते. शिट्टी शोधून शोधून कापलेल्या फ्रिक्वेन्सी, लिमिटरची मर्यादा, सगळं जातं. आणि लिमिटर गेलेला प्रोसेसर कार्यक्रमात लावला की मॉनिटरचा ड्रायव्हर उडतो. देखभाल करायचीच असेल तर बल्क डंप घ्या, म्हणजे सगळी सेटिंग्ज एका फाइलीत उतरवून ठेवा. प्रोसेसरचा मिडी आउट लॅपटॉपला जोडा, सिसएक्स (यंत्राचे खास मिडी निरोप) पकडणारं साधं सॉफ्टवेअर चालू करा आणि प्रोसेसरच्या मेनूतून डंप पाठवा. फाइल उघडली की पहिला बाइट एफ-झीरो आणि शेवटचा एफ-सेव्हन दिसला पाहिजे. शेवटचा नसेल तर डंप अर्धवट आहे. अगदी स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबली लांब डंप गिळतात, तिथं पैसे वाचवू नका. जुन्या यंत्रांत मेमरी जपणारी लिथियमची नाणेवजा बॅटरी असते. ती संपली की रीसेट न मारताच सेटिंग्ज उडतात, तेव्हा बॅटरी बदलायच्या आधी डंप हवाच.

फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, मिडीतून चढवू नये असंही मेसेजच्या शेवटी आहे. काही यंत्रांना तोच मार्ग दिलेला असतो, त्यामुळे सरसकट नाही म्हणता येत नाही. पण अर्धा एमबीची फाइल या वेगानं जायला तीन मिनिटांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्यात लाइट गेली तर यंत्र खरोखर मरतं. म्हणून लॅपटॉप बॅटरीवर, प्रोसेसर यूपीएसवर, आणि काम कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नाही.